इंजिन खोलण्याआधी धूर वाचा

जुनी डिझेल पिकअप चढाला ओढेनाशी झाली, की ‘इंजिनचं काम निघालं’ असा निकाल लगेच लागतो. पण निम्मं निदान सायलेन्सरच्या तोंडाशीच करता येतं.

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. रुडॉल्फ डीझेल यांच्या ज्या इंजिनाची 1897 मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबुर्गला यशस्वी चाचणी झाली, त्याचं तत्त्व आजही तेच आहे. पिस्टन हवेला दाबून तिचं आकारमान अठरा-वीस पटींनी कमी करतो. सायकलचा पंप मारताना तळाशी तापतो, तसंच इथे होतं. फक्त तापमान 500 अंश सेल्सिअसच्या वर जातं. त्या हवेत डिझेलचा बारीक फवारा पडला, की तो आपोआप पेटतो. म्हणजे हवा, दाब आणि फवारा या तिघांपैकी कुणीतरी कमी पडतंय, एवढंच शोधायचं असतं.

काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. न जळलेला कार्बन काजळी होऊन बाहेर पडतो. आधी एअर फिल्टर पाहावा, मग टर्बोचा होज फाटलाय का ते, आणि शेवटी नोझल. निळसर धूर असेल तर इंजिन ऑइल जळतंय. पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्हची सील किंवा टर्बो यांच्यावर संशय घ्यावा. पांढरा धूर मात्र फसवा. डोळे झोंबले, डिझेलचा वास आला, तर फवारा पडतोय पण पेटत नाही: हीटर प्लग गेलाय किंवा दाब कमी आहे. थंडीत हे जास्त जाणवतं, कारण गार धातू हवेची उष्णता शोषून घेतो. पण इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत असेल आणि रेडिएटरमधलं पाणी घटत असेल, तर हेड गॅसकेट गेल्याची शक्यता मोठी.

धूरच नाही आणि गाडी सेल्फ मारूनही सुरू होत नाही, तेव्हा बहुधा डिझेलच पोचत नसतं. टाकीकडून येणाऱ्या पाइपला बारीक चीर पडली, तर तिथून डिझेल गळेलच असं नाही. पंपाच्या ओढीने हवा आत शिरते. डिझेल जवळजवळ दाबलं जात नाही, हवा मात्र दबते. त्यामुळे पंपाचा जोर हवा दाबण्यातच संपतो आणि नोझल उघडत नाही. मेकॅनिक ‘हवा काढतात’ ती याचसाठी.

इंजिन थडथडत असेल, तर जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत ते एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल करून पाहतात. ज्याने इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच बसलेला. कॉमन रेल गाडीत मात्र हा प्रयोग चुकूनही करू नये. तिथला 1,000 बारच्याही वरचा दाब डिझेल कातडीतून आत घुसवतो.

मग त्या सिलिंडरचा पिस्टन, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील अशा बेताने, वर आणून कॉम्प्रेसरची हवा सोडतात आणि कान देतात. फुसफुस सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनलेट, ऑइलच्या झाकणातून जोरात आली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅसकेट, नाहीतर हेडला तडा. कुठूनच विशेष हवा सुटत नसेल, तर दाब शाबूत आहे. आधी नोझल टेस्टिंगला पाठवा, इंजिन उतरवायची घाई नको.