आठ मिलिमीटरची रेल्वे

खेळण्यातल्या ठोकळ्यांपासून केलेल्या आगगाडीचे सगळे गणित ८ मिलिमीटरवर उभे असते. लेगोच्या ठोकळ्यावरचे दोन स्टड, म्हणजे गोल उंचवटे, मध्यापासून मध्यापर्यंत एवढ्याच अंतरावर असतात. ठोकळा ९.६ मिमी उंच आणि पातळ प्लेट ३.२ मिमी, त्यामुळे तीन प्लेटा एका ठोकळ्याइतक्या होतात. डेन्मार्कच्या या कंपनीने ठोकळ्याच्या आजच्या रूपाचे पेटंट १९५८ साली मागितले आणि १९६६ मध्ये मोटरवर चालणारी पहिली गाडी निळ्या रुळांसह विकायला काढली. माप मात्र तेच राहिले.

मापाचा हा काटेकोरपणा नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मायकोत (आताच्या बॉशमध्ये) डिझेल इंजिनांची नोझल्स तयार करणाऱ्या आणि वसाहतीतल्या टूलरूममध्ये साचे घासणाऱ्या कामगारांच्या घरी ‘मायक्रॉन’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द. डबा ५२ स्टड लांब असेल तर एका रांगेत चार स्टडचे १३ ठोकळे लागतात. स्वस्तातला प्रत्येक नकली ठोकळा ०.१ मिमीने जरी मोठा निघाला, तरी शेवटी १.३ मिमीचा फरक साचतो आणि छत बसत नाही.

लेगोच्या रुळांमधले आतले अंतर सुमारे ३७.५ मिमी आहे. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिमी. दोन्हींची सांगड घातली की प्रमाण १:४५ च्या आसपास येते. इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या, म्हणजे आयसीएफच्या, ३,२४५ मिमी रुंद निळ्या डब्याला या प्रमाणात नऊ स्टड रुंदी हवी. पण नऊ ही विषम संख्या. बोगीची, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या गाड्याची, खीळ मधोमध बसवायची तर अर्ध्या स्टडने सरकवणाऱ्या खास प्लेटा ठिकठिकाणी घालाव्या लागतात. म्हणून बहुतेक जण आठ स्टडवर येतात. प्रमाण १:५१ होते, डबा रुळांच्या मानाने किंचित अरुंद दिसतो आणि बांधणी सरळ होते. हा सौदा योग्यच आहे.

खरी कसोटी लांबीची. मूळ डबा २१.३ मीटरचा, आठ स्टडच्या प्रमाणात तो सुमारे ५२ स्टड भरतो. दोन बोग्यांच्या मध्यांमधले १४.७८ मीटर अंतर २९२ मिमी होते. लेगोचे नेहमीचे वळण मात्र ३२० मिमी त्रिज्येचे, १६ तुकड्यांत पूर्ण वर्तुळ करणारे. एवढ्या घट्ट वळणावर डब्याचा मधला भाग सुमारे ३५ मिमी आत सरकतो, म्हणजे डब्याची मध्यरेषाच आतल्या रुळाबाहेर जाते आणि शेजारच्या मार्गावरच्या गाडीला डबा घासतो. बोग्यांमधले अंतर २० स्टडवर आणले की हे सरकणे १० मिमीवर येते. म्हणून डबा आखूड करायचा. काय कापायचे, हे ठरवण्यात बांधणाऱ्याची नजर दिसते. दोन्ही टोकांचे दरवाजे आणि त्यालगतच्या शौचालयाच्या धुरकट खिडक्या ठेवल्या, मधल्या खिडक्यांच्या दोन-तीन जोड्या गाळल्या, तर निळा डबा पाहताक्षणी ओळखू येतो. सगळेच सारख्या प्रमाणात आकसले तर तो कुठल्याही देशाचा वाटतो. खिडक्यांचे आडवे गज जाळीदार टाइल भिंतीत आडवी बसवून साधतात. पाच प्लेटांची जाडी बरोबर दोन स्टडांइतकी, १६ मिमी, भरते. त्यामुळे स्टड बाहेरच्या बाजूला वळवलेली भिंत सरळ ठोकळ्यांत फट न ठेवता बसते.

जोडण्या चुंबकाच्या असतात. त्या डब्याच्या सांगाड्याला न लावता बोगीला लावल्या की वळणावर ओढ रुळाच्या दिशेनेच राहते. सांध्यावरून निघताना लगेच उलटे वळण येते, तिथे मध्ये एक सरळ रूळ घालावा. नाहीतर शेजारचे दोन डबे विरुद्ध बाजूंना खेचले जातात आणि हलका डबा घसरतो. आसांना गुंडाळलेले केस आणि धूळ चिमट्याने काढत राहणे हे चालवणाऱ्याचे नित्याचे काम.

वीज १९९१ पासून ९ व्होल्टच्या धातूच्या रुळांतून मिळत असे. मागे वळून त्याच मार्गाला मिळणारा फेरा घातला की त्यात शॉर्टसर्किट व्हायचे. आता बॅटरी गाडीतच असते आणि हुकूम ब्लूटूथवरून जातो. सहा साध्या सेलांचे ९ व्होल्ट, तर चार्ज होणाऱ्या सेलांचे ७.२, त्यामुळे गाडी जरा मंद धावते. बॅटरीचा डबा मोटरच्या बोगीवरच ठेवावा, कारण तेच वजन चाकांना पकड देते.

पकड किती हवी, हे नाशिककरांना कसारा घाटाने दाखवले आहे. तिथला चढ १:३७, म्हणून गाड्यांना मागून बँकर इंजिने लावतात. ठोकळ्यांच्या मार्गात १२८ मिमीच्या प्रत्येक सरळ रुळामागे एक प्लेट चढवली की चढ १:४० होतो, जवळजवळ कसाऱ्याइतकाच. ठोकळ्यांची गाडीही याच चढावर निमूट चालते. रुळामागे अख्खा ठोकळा चढवला तर १:१३ होतो आणि चाके जागीच फिरतात. खालून गाडी जाण्याइतका, दहा ठोकळे उंच पूल हवा असेल तर ३० प्लेटा, म्हणजे ३० सरळ रूळ, ३.८४ मीटर लागतात. बारा फुटांच्या खोलीची एक भिंत त्याला पुरत नाही, म्हणून घाट कोपऱ्यातून वळवावा लागतो आणि वळणावर घर्षण वाढत असल्याने तिथला चढ कमी ठेवावा लागतो. मागून बँकर जोडलाच तर त्याचा वेग पुढच्या इंजिनापेक्षा अंमळ कमी असावा. जास्त झाला की मधले रिकामे डबे वळणावर बाहेर फेकले जातात.

कसाऱ्यासारख्या घाटांसाठी जीआयपी रेल्वेने १९२८ पासून आणलेली लांब नाकाची विद्युत इंजिने, पुढे डब्ल्यूसीजी-१ म्हणून ओळखली गेलेली, ठोकळ्यांत बांधायला फार सोयीची आहेत. त्यांतली काही स्विस एसएलएम कंपनीने बांधली होती. या इंजिनांना रेल्वेतले लोक ‘खेकडा’ म्हणत. त्यांतले एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. पुढचे-मागचे नाक बिजागरीने वळत असल्याने इंजिन लांब असूनही घट्ट वळण घेते. याच घराण्यातल्या स्विस ‘क्रोकोडाइल’चा संच लेगोने २०२० साली काढला. त्यातली बिजागरीची रचना उचलून वरचे कॅबिन घाटातल्या इंजिनासारखे नव्याने बांधता येते, आणि दोन्ही नाकांत एकेक मोटर बसवली की कसाऱ्याचा चढ बँकरशिवाय चढता येतो.