मेंदूतली छाटणी (लेखांक सहावा)

गेल्या आठवड्यात आपण अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी पाहिल्या. आज त्यांच्याहून लहान आणि कितीतरी चपळ अशा मायक्रोग्लियांकडे वळू. स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ साली त्यांना वेगळं ओळखलं. मेंदूला इजा झाली की धावून जाणाऱ्या आणि एरवी स्वस्थ पडून राहणाऱ्या पेशी, अशीच त्यांची ख्याती पुढे अनेक दशकं होती. २००५ साली जिवंत उंदरांच्या मेंदूत त्या प्रत्यक्ष पाहिल्या गेल्या, तेव्हा त्यांचे तंतू सतत लांबत-आखडत भोवताल चाचपत असल्याचं दिसलं.

त्या काय चाचपत असतात? वाढत्या मेंदूत चेतापेशी एकमेकींशी गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोडण्या करतात. दोन्ही डोळ्यांकडून येणारे तंतू मेंदूतल्या एकाच केंद्रात आधी गुंतलेले असतात, मग कमजोर जोडण्या गळतात आणि प्रत्येक डोळ्याचा प्रदेश वेगळा होतो. ही छाटणी कोण करतं, याचा धागा २००७ साली बेन बॅरेस आणि बेथ स्टीव्हन्स या संशोधकांच्या हाती लागला. जंतूंवर चिकटून ‘याला खा’ अशी खूण करणारं सी-वन-क्यू हे रोगप्रतिकारक प्रथिन त्यांना उंदराच्या पिल्लांच्या मेंदूत, थेट जोडण्यांवर सापडलं. ते प्रथिन नसलेल्या उंदरांत जादा जोडण्या तशाच राहिल्या. २०१२ साली मायक्रोग्लियांच्या पोटात या तंतूंचे तुकडेही दिसले. शरीर ज्या हत्यारानं जंतू मारतं, त्याच हत्यारानं मेंदू घडवतं. मला या साऱ्या शास्त्रातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

पण हे हत्यार नको तेव्हा उपसलं गेलं तर? २०१६ साली सुमारे ६५ हजार लोकांच्या जनुकीय अभ्यासातून दिसलं, की सी-वन-क्यूच्याच साखळीतल्या सी-फोर प्रथिनाच्या जनुकाचे काही प्रकार स्किझोफ्रेनियाचा धोका थोडा वाढवतात. हा आजार बहुधा तारुण्याच्या उंबरठ्यावर डोकं वर काढतो, आणि मेंदूच्या पुढच्या भागातली छाटणी तेव्हाही चालूच असते. एका जनुकानं आजार ठरत नाही. तरीही अशा मुलांच्या आईला ‘तुझ्या वळणात खोट’ असं ऐकवणाऱ्यांनी हे संशोधन जरूर समजून घ्यावं.

त्याच वर्षी अल्झायमरची लक्षणं निर्माण केलेल्या उंदरांतही तेच दिसलं. या आजाराची खूण असलेले अमायलॉइडचे थर मेंदूत साचण्याआधीच सी-वन-क्यू वाढलं होतं आणि जोडण्या नाहीशा होत होत्या. ते प्रथिन रोखलं, तर जोडण्या वाचल्या.

मग या पेशींचा भडका, म्हणजे दाह, शमवणारं औषध द्यावं की झालं? नेप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब देऊन तसा प्रयत्न झाला, पण अल्झायमर टळला नाही. मायक्रोग्लियांतल्या ट्रेम-टू या जनुकाचा एक दुर्मीळ प्रकार तर उलटंच सांगतो. त्यानं या पेशींचं काम मंदावतं, आणि अल्झायमरचा धोका वाढतो. म्हणजे मेंदूतली सफाई चालू ठेवून फक्त निरोगी जोडण्यांवरचा हल्ला थांबवायला हवा, आणि तोही वेळेवर. आज अनेक प्रयोगशाळा याच नेमक्या औषधामागे आहेत. पुढच्या आठवड्यात चेतातंतूंवर मायलिनचं वेष्टण चढवणाऱ्या ग्लिया पेशी पाहू.