गळका रेडिएटर आणि हळदीची पुडी

शहाद्याहून सातपुड्याकडे निघालेल्या गाडीला म्हसावदपर्यंत फारसे कष्ट पडत नाहीत. रस्ता सपाट, बाजूला ऊस, केळी, पपईची शेते. पुढे राणीपूर सोडले की चढ लागतो आणि तोरणमाळला आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर पोचतो. जुन्या पिकअपचे पाण्याचे दुखणे याच चढावर बाहेर पडते. मागे माल, त्यावर चार माणसे, दुसरा गिअर, आणि बॉनेटमधून वाफ!

अशा वेळी पहिले काम म्हणजे काहीही न करणे. गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास थांबावे. रेडिएटरच्या झाकणाला साधारण १५ पौंडाचा दाब असतो. त्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण उघडले की दाब जातो आणि आतले सगळे पाणी एकदम उकळून अंगावर येते. चेहरा भाजल्याची उदाहरणे कुठल्याही गॅरेजात ऐकायला मिळतील. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणेही वाईट; हेडला तडा जाऊ शकतो.

आता गळती कुठे आहे ते पाहू. होज पाइप टोकाशी, म्हणजे क्लिपजवळ चिरला असेल तर आपण नशीबवान. चिरलेला तुकडा कापून टाकावा, पाइप पुढे सरकवून क्लिप आवळावी. स्क्रू ड्रायव्हर आणि धारदार चाकू पुरे. मधोमध भोक असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापावी. पाइप कोरडा पुसून पट्टी ताणून, एकावर एक वेढे देत गुंडाळावी आणि दोन्ही टोके तारेने बांधावीत. वायरमनची काळी चिकटपट्टी इथे उपयोगाची नाही. गरम, ओल्या रबरावर ती धरत नाही.

रेडिएटरच्या जाळीतून बारीक पाझर असेल तर आपल्याकडचा प्रसिद्ध उपाय हळदीचा. तो थोतांड नाही. हळदीतला स्टार्च गरम पाण्यात फुगतो, तंतू आणि कण बाहेर पडणाऱ्या पाण्याबरोबर भोकाकडे ओढले जातात आणि तिथेच अडकतात. चमचा-दोन चमचे हळद कोमट पाण्यात कालवून थेट रेडिएटरमध्ये घालावी, बाजूच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत नव्हे. पण मूठभर हळद टाकणारे बहाद्दर असतात, त्यांचे मात्र चुकते. जी हळद भोक बुजवते तीच रेडिएटरच्या अरुंद नळ्याही बुजवते. घरी पोचल्यावर सगळे पाणी काढून आतून धुतलेच पाहिजे.

टाकीला बाहेरून तडा असेल तर एम-सील चालते; पण जागा कोरडी आणि घासलेली हवी, आणि ते कडक व्हायला वेळ द्यावा लागतो. साबण चोळण्याचा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या. साबण डिझेलच्या टाकीला चालतो, कारण डिझेलमध्ये तो विरघळत नाही. गरम पाण्यापुढे तो किती टिकणार? जाळीतली एखादी नळी फुटली असेल तर ती पकडीने दोन्हीकडून चेपून दुमडतात. तेवढी नळी कायमची बाद होते, पण गाडी चालते. जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर पुढे झाळून घेता येतात. अॅल्युमिनियमचा आणि प्लॅस्टिकच्या टाक्यांचा मात्र साध्या झाळकामाने दुरुस्त होत नाही.

झाकण अर्धे ढिले ठेवून दाब कमी करणे ही ड्रायव्हर लोकांची जुनी युक्ती. गळती खरोखर मंदावते. पण तोरणमाळच्या उंचीवर उघडे पाणी सुमारे ९६ अंशांनाच उकळते, आणि इंजिन एरवीच ८०-९० अंशांवर चालते. म्हणजे हाताशी फार थोडे अंतर उरते. माल उतरवून, हळू, दर काही किलोमीटरला पाणी पाहत जायचे असेल तरच हे करावे. आणि काट्यावर विसंबू नये. पाणी फार खाली गेले की सेन्सर कोरडा पडतो, काटा चक्क खाली येतो, आणि ड्रायव्हरला वाटते गाडी थंड झाली.

वॉटर पंपाखालच्या छोट्या भोकातून पाणी येत असेल तर ते भोक बुजवू नका. आतले सील गेल्याची ती खूण आहे, पंपच बदलावा लागेल. रेडिएटरमध्ये बुडबुडे, सायलेन्सरमधून पांढरा धूर, ऑइल ताकासारखे झाले असेल तर हेड गॅस्केट गेले. तिथे हळद, एम-सील सगळे व्यर्थ. गाडी ओढूनच न्यावी.

उतारावर एक मोह होतो: इंजिन तापले आहे, तर बंद करून न्यूट्रलमध्ये घरंगळत उतरू. हा मोह जीवघेणा आहे. डिझेल गाडीत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम इंजिनवर चालणाऱ्या पंपातून येतो. इंजिन बंद पडले की दोन-चार वेळा ब्रेक दाबेपर्यंत तो संपतो. पॅडल दगडासारखे होते, आणि गिअरचा आधारही नसतो. मागे बसलेल्या माणसांचा विचार करा. होज पाइप काहीशे रुपयांत येतो.

बोअरचे पाणी घरी पोचण्यापुरते ठीक. त्यातले क्षार आत थर धरतात, म्हणून नंतर कूलंट आणि बॅटरीचे पाणी भरावे. काढलेले जुने कूलंट अंगणात ओतू नका, उघड्या डब्यातही ठेवू नका. ते गोडसर लागते, कुत्री-शेळ्या चाटतात, आणि त्यातले ग्लायकॉल त्यांची किडनी निकामी करते.