दंतकथेचे सोंग घेतलेले गाणे

मेकानो या स्पॅनिश त्रिकुटाचे ‘इहो दे ला लुना’, म्हणजे ‘चंद्राचा मुलगा’, 1986 साली ‘एन्त्रे एल सिएलो इ एल सुएलो’ या अल्बममधून लोकांसमोर आले आणि पुढे सिंगल म्हणूनही निघाले. शब्द आणि चाल होसे मारिया कानोची, आवाज आना तोरोहाचा. आपण एक दंतकथा सांगत आहोत, असे निवेदक सुरुवातीलाच जाहीर करतो आणि जो ती समजून घेणार नाही तो मूर्ख, अशी तंबीही देतो. तंबी चांगलीच लागू पडली. या गाण्याला हितानोंची, म्हणजे स्पेनमधल्या रोमा लोकांची, जुनी लोककथा समजणारे श्रोते आजही जगभर सापडतात. प्रत्यक्षात कथा कानोनेच रचली, आणि तिचे आजोळ हितानोंच्या वस्तीपेक्षा फेदेरिको गार्सिया लोर्का या कवी-नाटककाराच्या पुस्तकांत शोधावे लागते.

कथा थोडक्यात अशी. एक हितानो स्त्री आपल्याच जमातीतला एक पुरुष नवरा म्हणून मिळावा यासाठी रात्रभर चंद्राची आळवणी करते. स्पॅनिशमध्ये चंद्र ही बाई. तिला आई व्हायचे आहे आणि तिला जोडीदार नाही. ती नवसाला पावते, पण पहिले मूल मला द्यायचे, अशी अट घालते. वर टोमणाही मारते: एकटे राहावे लागू नये म्हणून जी पोटचा गोळा द्यायला तयार होते, ती त्याच्यावर माया ती काय करणार! लग्न होते. सावळ्या बापाच्या घरात मूल जन्मते ते पांढऱ्याशुभ्र कातडीचे आणि करड्या डोळ्यांचे. बायकोने परजातीच्या माणसाबरोबर शेण खाल्ले, अशी बापाची खात्री पटते. तो तिला चाकूने भोसकतो आणि मूल डोंगरावर टाकून येतो. मूल खुशीत असते तेव्हा पौर्णिमा असते. ते रडू लागले की चंद्र झिजत जाऊन त्याच्यासाठी पाळणा होतो.

चंद्राच्या कलांचे कारण सांगणारा हा शेवटच श्रोत्याला फसवतो. पर्वत, ग्रहणे, पक्ष्यांचे रंग यांची कारणे लोककथाच सांगतात, त्यामुळे हीही जुनीच असणार असे वाटते.

कानो किती जाणूनबुजून हे करत होता, ते त्याच अल्बममधल्या दुसऱ्या गाण्यावरून कळते. त्याआधी मेकानोचा तोवरचा इतिहास थोडक्यात. हुकूमशहा फ्रँको 1975 साली गेल्यावर माद्रिदमध्ये उसळलेल्या तरुणाईच्या लाटेवर हे तिघे आले. 1981 मधले त्यांचे पहिले सिंगल रात्रभर धिंगाणा घालून सकाळी अंथरुणातून उठता न येणाऱ्या माणसाचे होते. सिंथेसायझरच्या तालावर तीन स्टुडिओ अल्बम झाले आणि 1986 साली त्यांनी सीबीएस सोडून आरिओला ही कंपनी धरली. होसे मारिया आणि नाचो हे भाऊ आपापली गाणी वेगवेगळी लिहीत. आधी धाकट्या नाचोची छाप जास्त होती. या अल्बमपासून थोरल्याचे पारडे जड झाले.

हे दुसरे गाणे म्हणजे ‘क्रूस दे नावाहास’. त्यातही व्यभिचार आहे, चाकू आहे आणि एक प्रेत आहे. मारिओ रात्री बारमध्ये राबतो, बायको मारिया दिवसा कामाला जाते, दोघांची गाठ जेमतेम पडते. एका पहाटे घरी परतताना मारिओला ती दुसऱ्या पुरुषाच्या मिठीत दिसते. झटापटीत मारिओच मरतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात येते की व्यसनी लुटारूंनी त्याचा खून केला. दोन्ही गाणी एकमेकांसमोर ठेवली की आरशातल्यासारखी उलटी दिसतात. मारिओचा संशय खरा आणि जीव जातो त्याचा. हितानोचा संशय खोटा आणि जीव जातो बायकोचा. एक गाणे बातमीचा आव आणते, दुसरे दंतकथेचा, आणि दोन्हीकडे मेलेल्याविषयी जे मानले जाते ते असत्य. एकाच लेखकाने एकच गुन्हा दोन पोशाखांत उभा केला. त्यातला शहरी पोशाख स्पेनमध्ये गाजला. सीमा ओलांडून गेला तो मात्र दंतकथेचा.

हा पोशाख लोर्काच्या कपाटातला आहे. 1928 साली निघालेल्या ‘रोमान्सेरो हितानो’ या संग्रहाची पहिलीच कविता चंद्रावर आहे: चंद्र हितानोंच्या लोहारशाळेत उतरते आणि एका मुलाला हाताला धरून आकाशात घेऊन जाते. 1933 मध्ये रंगमंचावर आलेल्या ‘बोदास दे सांग्रे’ या त्याच्या नाटकात चंद्र पांढऱ्या चेहऱ्याच्या तरुण लाकूडतोड्याच्या रूपात येतो, त्याला रक्त हवे असते आणि शेवट चाकूनेच होतो. चंद्र, मूल, चाकू, मान-अपमान हे सगळे सामान कानोच्या आधी पन्नासहून अधिक वर्षे तयार होते. त्याने घातलेली भर एकच, पण ती मोलाची: सौदा. लोर्काची चंद्र मूल घेऊन जाते, कानोची ते आधी अटीत लिहून घेते. गाण्यातली खरी क्रूरता तिथे आहे.

लोर्का स्वतः या हितानोपणाला कंटाळला होता. जानेवारी 1927 मध्ये, संग्रह छापून येण्याआधीच, त्याने होर्हे गियेन या कवीला पत्र लिहिले. आपल्याभोवती तयार झालेली हितानोपणाची दंतकथा आपल्याला जाचू लागली आहे, हितानो हा आपला केवळ एक विषय आहे, अशी तक्रार त्यात आहे. लोक आपल्याला अडाणी, उपजत कवी समजतील याची त्याला धास्ती होती. कानोला असली धास्ती बाळगण्याचे कारण नव्हते. माद्रिदच्या पॉप गायकांना हितानो कोणी समजत नव्हते. आनाचे आजोबा एदुआर्दो तोरोहा तर काँक्रीटच्या पातळ कवचांसाठी जगभर नावाजलेले अभियंते. माद्रिदच्या सार्सुएला घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरचे छत त्यांचेच.

खरे हितानो कागदोपत्री दिसतात ते वेगळे. 12 जानेवारी 1425 या दिवशी आरागोनचा राजा पाचवा अल्फोन्सो याने ‘धाकट्या इजिप्तचा’ म्हणवणाऱ्या एका सरदाराला आपल्या मुलखातून प्रवास करण्याचा परवाना दिला. स्पेनमधल्या त्यांच्या आगमनाचा हा सर्वात जुना पुरावा मानला जातो. त्यांचे पूर्वज इजिप्तचे नसून भारतातून निघालेले होते, हे युरोपातल्या भाषाभ्यासकांच्या ध्यानात आले अठराव्या शतकात. त्याच शतकात, 1749 साली, सहाव्या फर्नांदोच्या कारकिर्दीत हजारो हितानोंना एकाच मोहिमेत पकडून पुरुष एकीकडे आणि बायका दुसरीकडे अशी फारकत करण्यात आली. हेतू हा की त्यांना मुलेच होऊ नयेत. त्यांच्यावर खास पाळत ठेवण्याची कलमे सिव्हिल गार्ड या पोलीस दलाच्या नियमावलीतून 1978 साली निघाली, म्हणजे या गाण्याच्या जेमतेम आठ वर्षे आधी. गाण्यातला नवरा बायकोचे एक अक्षरही न ऐकता चाकू उपसतो. हे पात्र हितानोंच्या ओळखीतून आलेले नाही, हितानोंविषयीच्या ऐकीव समजुतींतून आले आहे, आणि ही गाण्याची उणी बाजू त्याच्या गोडव्याखाली सहज झाकली जाते.

गोडवा मात्र अस्सल आहे. वाल्ट्झची तीन मात्रांची लय अंगाईसारखी झुलते आणि त्याच झुल्यावर खून घडतो. आनाने हुंदका, थरथर, दम खाणे यातले काहीच वापरलेले नाही. कंपविरहित, सरळ आवाजात ती पंचनामा वाचावा तसे गाते. हाडामांसाच्या मुलाचे तू करणार काय, असा चंद्राला विचारलेला ध्रुवपदातला प्रश्नही ती चढवून विचारत नाही. कमी दर्जाच्या गायिकेने इथे रडारड केली असती.

मेकानोने हे गाणे इटालियन आणि फ्रेंचमध्येही म्हटले. फ्रेंच शीर्षकात ध्रुवपदातले चांदीच्या चंद्राला केलेले संबोधनच उचलले आहे. पुढे ऑपेराची मॉन्सेरात काबाये आणि इंग्लंडची सारा ब्राइटमन यांनी ते गायले. 1998च्या सुमारास लूना या डच गायिकेच्या नृत्यतालातल्या आवृत्तीने जर्मनीत पहिला क्रमांक पटकावला. चाकूच्या खुनावर डिस्कोत नाचण्याचा हा प्रकार जरा विचित्रच. 2008 मध्ये हागार्ड या जर्मन सिम्फनिक मेटल बँडने ते आपल्या अल्बममध्ये घेतले.

होसे मारियाची चंद्राशी सोबत सुटली नाही. त्याने ‘लुना’ नावाचा ऑपेराच लिहिला आणि त्याच्या ध्वनिमुद्रणात प्लासिदो दोमिंगो गायला. 1998 साली मेकानो काही काळानंतर पुन्हा एकत्र आले असतानाच एका पुरस्कार समारंभात त्याने आपण गट सोडत असल्याचे जाहीर केले. त्यानंतर तो चित्रकलेकडे वळला आणि मेणात रंग कालवून रंगवण्याचे जुने तंत्र त्याने हाती घेतले. भावाची वाट उलट होती: नाचोने मेकानोच्या गाण्यांवर माद्रिदमध्ये संगीतनाटक उभे केले आणि त्याला नाव दिले ते 1981च्या त्या पहिल्या सिंगलचे.