सोलापूर जिल्ह्यातील अन्नप्रक्रिया उद्योग

सोलापूर जिल्ह्यातील अन्नप्रक्रिया उद्योग म्हणजे महाराष्ट्रातील या अवर्षणप्रवण जिल्ह्यात पिकणारा ऊस, ज्वारी, डाळिंब, द्राक्षे इत्यादी शेतमालापासून टिकाऊ खाद्यपदार्थ तयार करणारे व्यवसाय होत. चादरींसाठी प्रसिद्ध असलेल्या या जिल्ह्यात साखर उद्योग वगळता शेतमालावरील प्रक्रिया बहुतांशी घरगुती व लघुउद्योगाच्या स्तरावरच राहिली आहे. त्यामुळे गुंतवणुकीस येथे वाव आहे. मात्र तो सर्व पिकांत सारखा नाही.

== पार्श्वभूमी ==
सासवड परिसरातून आलेल्या माळी समाजातील शेतकऱ्यांनी १९३२ साली माळीनगर (ता. माळशिरस) येथे साखर कारखाना स्थापन केला. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाल्यानंतर उसाचे क्षेत्र झपाट्याने वाढले आणि आज जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. कमी पावसाच्या प्रदेशात सर्वाधिक पाणी पिणाऱ्या पिकावर सर्वांत मोठा उद्योग उभा राहावा, ही येथील अर्थव्यवस्थेतील मोठी विसंगती होय. धरण न भरलेल्या वर्षानंतर गाळप हंगाम आखडतो आणि यंत्रसामग्री अधिक काळ पडून राहते. ज्वारी व डाळिंब ही तुलनेने कमी पाण्यावर येणारी पिके असल्याने त्यांवरील प्रक्रियेचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो.

== डाळिंब ==
सांगोला, पंढरपूर व मंगळवेढा हे तालुके डाळिंबासाठी ओळखले जातात. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून सोलापूर येथे कार्यरत असून ‘सोलापूर डाळिंब’ यास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मृग, हस्त व आंबे अशा तीन बहारांमुळे फळ वर्षातील बराच काळ उपलब्ध होऊ शकते. आंब्यासारख्या एकाच हंगामात येणाऱ्या फळाच्या कारखान्यास ही सोय नसते.

तडकलेली, डागाळलेली किंवा आकाराने लहान फळे ताज्या बाजारात मागे पडतात. आतील दाणे मात्र बहुधा उत्तम असतात. अशा फळांपासून रस, सरबत, शीतपेटीत ठेवलेले दाणे, सालीची भुकटी व बियांचे तेल तयार करता येते. रस काढताना साल व पांढरा पापुद्रा दाबला गेल्यास त्यातील टॅनिनमुळे कडवट तुरटपणा येतो, म्हणून दाणे आधी वेगळे करणे इष्ट. अतिउष्णतेने रसाचा लाल रंगही फिका पडतो. ‘भगवा’ या येथील मुख्य वाणात आम्लता कमी असते. त्यामुळे मसाल्यात वापरल्या जाणाऱ्या आंबट अनारदान्यासाठी तो फारसा उपयुक्त नाही. हिमालयाच्या पायथ्याशी वाढणाऱ्या रानटी डाळिंबाशी या एका पदार्थात स्पर्धा करण्यात अर्थ नाही.

खरी अडचण पुरवठ्याची आहे. तेल्या, मर आणि खोडकिडीमुळे सांगोला भागातील अनेक बागा काढून टाकाव्या लागल्या. शिवाय ताज्या फळाला चांगला भाव असला की डागाळलेली फळेही बाजारातच खपतात व प्रक्रिया केंद्रास माल मिळत नाही. केवळ पडत्या भावाच्या मालावर विसंबून उभारलेला प्रकल्प म्हणूनच धोक्याचा ठरतो. बागायतदारांशी आगाऊ करार किंवा शेतकरी उत्पादक कंपनीची भागीदारी त्यास आवश्यक असते.

== ज्वारी ==
मंगळवेढ्याच्या ज्वारीसही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ‘मालदांडी ३५-१’ हा सर्वपरिचित रब्बी वाण मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडण्यात आला. ज्वारीच्या पिठातील स्निग्धांशामुळे ते काही आठवड्यांत खवट होऊ लागते, तर पातळ थापून पूर्ण वाळवलेली कडक भाकरी दीर्घकाळ टिकते. प्रवासाची शिदोरी म्हणून रुळलेला हा पदार्थ, शेंगदाण्याच्या चटणीच्या सोबतीने, आज महिला बचत गटांच्या उत्पन्नाचे साधन झाला आहे. यात भांडवल कमी लागते. कौशल्य मात्र हाताचे असते, आणि ज्वारीत ग्लुटेन नसल्याने भाकरी यंत्रावर लाटणे सोपे नाही.

== बेदाणा ==
नान्नज (ता. उत्तर सोलापूर) येथील नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ हा लांब मण्यांचा द्राक्षवाण निवडला. बेदाण्यासाठी द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधील जाळ्यांवर सुमारे दोन आठवडे वाळवली जातात. साधारण चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा मिळतो. उन्हाळ्यातील अवकाळी पाऊस हा त्याचा मुख्य शत्रू. हिरवा रंग टिकवण्यासाठी शीतगृह लागते. ते नसलेल्या उत्पादकास हंगामातच, मिळेल त्या दरात माल विकावा लागतो.

== अर्थसाहाय्य ==
२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेत वैयक्तिक प्रकल्पास खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, कर्जाशी निगडित अनुदान ठेवण्यात आले. बचत गटातील सदस्यांसाठी प्रत्येकी ४० हजार रुपयांच्या बीजभांडवलाचीही तरतूद होती. कृषी पायाभूत सुविधा निधीतून शीतगृह, प्रतवारी केंद्र आदींच्या २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत दिली जाते. अनुदान यंत्रसामग्रीस साहाय्य करते. हंगामात कच्चा माल रोखीने विकत घेण्यासाठी लागणारे खेळते भांडवल उद्योजकास स्वतः किंवा बँकेमार्फत उभे करावे लागते, आणि लहान उद्योग बहुधा तेथेच अडतात.