बाभळीचा भुंगेरा द्राक्षबागेत

जळोचीच्या शिवारात बांधावर बाभूळ दिसणे नवे नाही, आणि बारामती-इंदापूर पट्ट्यात द्राक्षबागाही. या दोन्हींवर जगणारा एक भुंगेरा आहे : सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर. शेतकऱ्यांच्या भाषेत खोडकिडा.

लांब मिशांचा, मातकट पिवळा, साधारण तीन-चार सेंटिमीटरचा हा कीटक पावसाळा सुरू झाला की बाहेर पडतो आणि कोवळ्या फांद्यांची साल कुरतडतो. चिमटीत धरला तर किरकिरतो. हा आवाज तोंडाचा नाही, छातीचे दोन भाग एकमेकांवर घासल्याचा.

खरे नुकसान अळी करते. मादी जबड्याने सालीला खाच पाडून आत अंडे घालते. बिनपायांची अळी लाकूड पोखरत मुळांकडे उतरते आणि कित्येक महिने आतच राहते. वर वेल हिरवागार, म्हणूनच फसगत. बुंध्याशी पडलेला भुसा ही पहिली खूण; पाने पिवळी पडेपर्यंत थांबले तर वेल हातचा जातो.

भुसा ताजा असेल तर अळी आत जिवंत आहे असे समजून छिद्रात तार घालून ती काढावी. पावसाळ्यात भुंगेरे वेचून मारावेत. बाभूळ सरसकट तोडण्याची घाई नको, शेळ्यांना शेंगा तीच देते. मात्र जून-जुलैत बागेबरोबर तिच्या फांद्याही पाहाव्यात.