वीतभर पाणी

पावसाळ्यात बातम्या ऐकणाऱ्या माणसाला नांदूर मधमेश्वर हे नाव काही नवे नाही. नाशिकला गोदावरी चढू लागली, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले, की त्यापाठोपाठ ठरलेले वाक्य येते : नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून जायकवाडीकडे इतके हजार क्युसेक पाणी सोडले. वर्षातले दोन-तीन महिने हे गाव असे आकड्यांत नांदते. मग पाऊस ओसरतो, कंदील लागतात आणि उतरतात, बातम्यांतून गावाचे नाव जाते. आणि नेमके तेव्हाच तिथे पाहुण्यांची रीघ लागते. हे पाहुणे लडाख-तिबेटातून आणि त्याच्याही पलीकडून येतात, तेही एसटीचा पास न काढता!

या पाहुण्यांना भेटावे म्हणून गेल्या हिवाळ्यात आमच्या कॉलनीतली तीसएक मंडळी एक बस करून निघाली. बरोबर दोन दुर्बिणी, चार थर्मास, आणि धपाटे इतके, की पक्षी न दिसते तरी दिवस निभावला असता. नाशिकपासून हे ठिकाण चाळीसएक किलोमीटर. निफाड तालुका म्हणजे द्राक्षांचा आणि कांद्याचा मुलूख. खिडकीतून दुतर्फा बागा पळत असतात आणि मध्येच, कसलीही सूचना न देता, जमीन संपून लख्ख पाणी सुरू होते.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजी अमदानीत, १९०७ च्या सुमारास, हा बंधारा बांधायला घेतला. उद्देश सरळ होता : पाणी अडवायचे आणि दोन्ही तीरांच्या कालव्यांतून कोपरगाव-राहात्याकडच्या दुष्काळी रानात पोचवायचे. ते पोचलेही. तिकडचा ऊस आणि साखर यांच्या मुळाशी हे पाणी आहे. पण नदी नुसते पाणी आणीत नाही, माती घेऊनच येते. भिंतीमागे पाणी थबकले, की ती तळाशी बसते. वर्षामागून वर्षे गाळ साचत गेला, जलाशय उथळ झाला, मध्ये बेटे वर आली, त्यांवर बाभळी माजल्या, कडेला पाणकणसे उभी राहिली. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हे सारे तुटीच्या रकान्यात जाते. पक्ष्यांनी मात्र ती तूट आपल्या नावे जमा करून घेतली.

डॉ. सालिम अली यांनी या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटल्याचे इथे प्रत्येकजण अभिमानाने सांगतो. १९८६ साली सुमारे १०० चौरस किलोमीटरचा टापू अभयारण्य झाला, आणि जानेवारी २०२० मध्ये 'रामसर' यादीत आल्याचे जाहीर झाले. महाराष्ट्रातले ते पहिलेच ठिकाण. लोणार आणि ठाण्याची खाडी त्यामागून आली. आमच्या बसमधल्या एका आजींनी 'रामसर' ऐकून भक्तिभावाने हात जोडले. वास्तविक रामसर हे इराणातले गाव. पाणथळ जागा राखण्याचा करार १९७१ साली तिथे झाला. पण जोडलेले हात कोणी सोडायला लावले नाहीत. ते काही अस्थानी नव्हते.

खाणगाव थडीच्या निरीक्षण मनोऱ्याजवळ आमचा वाटाड्या भेटला. गावातलाच पोरगा, विशी-बाविशीचा, खांद्यावर तिपाईची मोठी दुर्बीण. त्याने पहिल्या पाच मिनिटांत आमच्यातल्या हौशी लोकांची इंग्रजी नावे बाजूला ठेवायला लावली. "काकू, तो काळा दिसतोय ना, कपाळावर पांढरा टिळा? तो वारकरी." आजींनी दुर्बिणीला डोळा लावला आणि म्हणाल्या, "अगो बाई, खरंच गोपीचंदन लावलंय!" पाण्यावर शेकड्यांनी वारकरी होते, दिंडीसारखेच दाटीवाटीने आणि दिंडीइतकीच गडबड करीत.

मराठी शिकवणाऱ्या माणसाला ही नावे म्हणजे मेजवानीच. चोचीच्या टोकाला पिवळा ठिपका आणि मुळाशी दोन तांबडे, म्हणून ते बदक 'हळदी-कुंकू'. चपट्या, रुंद चोचीचा तो 'थापट्या'. लांबलचक गुलाबी काड्यांवर उभा असलेला 'शेकाट्या'. टोकदार शेपटीचे 'तलवार बदक'. ही नावे कोणा पंडिताने खोलीत बसून केलेली वाटत नाहीत. पाण्यात पाय घालून उभे राहिलेल्या माणसांच्या नजरेचा वास त्यांना आहे. जून २०२५ मध्ये आपल्यातून गेलेल्या मारुती चितमपल्ली यांनी अशी नावे आयुष्यभर वेचली आणि 'पक्षिकोश' सिद्ध केला. आपल्या घरांतून शब्दकोशही क्वचित असतो, मग पक्षिकोश कुठला!

तासभर पाहिल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. इतके पक्षी एका पाण्यात गुण्यागोविंदाने राहतात ते सौजन्यामुळे नव्हे. प्रत्येकाची पायरी वेगळी आहे. अगदी काठाच्या ओल्या चिखलात तुतवार टोचे मारीत धावतात. घोटाभर पाण्यात शेकाट्या. त्यापुढे चमच्यासारख्या चोचीचा पक्षी, 'चमचा'च म्हणतात त्याला, चोच अर्धवट उघडी ठेवून डावी-उजवीकडे फिरवीत चालतो, हरवलेली अंगठी शोधावी तसा. तलवार बदके अर्धे शरीर पाण्यात उलटे करतात. वर राहते ती नुसती शेपटी. मान जाईल तिथवर त्यांचा घास. पाणी हातभर वाढले, की घास गेला. वनस्पतींच्या पसरट पानांवरून कमळपक्षी लांब बोटे टाकीत चालतो, त्याला पान हवे. जांभळ्या पाणकोंबडीला पाणकणसे हवीत. खोल पाणी फार थोड्यांच्या कामाचे. पाणकावळा बुडी मारील, टिबुकली मारील. बाकी सारी पंगत वीतभर पाण्याला बसलेली असते.

चक्रवाक पाहायला मिळाले याचा मला विशेष आनंद. संस्कृत कवींनी रात्री ताटातूट होणारे जोडपे म्हणून ज्याला रडवले तोच हा. भगव्या रंगाचा, देखणा, आणि आवाजाने अतिशय भांडखोर. आमच्या समोरच्या बेटावर दोघे दिवसभर एकमेकांना खेटून ओरडत होती. विरहाचे वर्णन करणाऱ्यांनी यांचा संसार दिवसा पाहिला नसावा. (आमच्या सौभाग्यवतींच्या मते पाहिला होता, म्हणूनच रात्रीची सुटका दिली.)

बाभळीखाली धपाटे सुटले आणि बोलणे गाळावर आले. मंडळीत पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. ते म्हणाले, धरण पाण्यासाठी असते. गाळ काढला पाहिजे. दोन तरुण शिक्षिका त्यांच्यावर तुटून पडल्या. वाटाड्या इतका वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझी मावशी सायखेड्याला दिलीय." एवढ्यावरून पुढचे समजण्याजोगे होते. सायखेडा आणि चांदोरी ही गावे बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टात गोदावरी त्यांच्या घरांत शिरली. गाळाने पात्र भरले, पाण्याला वाट राहिली नाही, फुगवटा मागे येतो, असे तिथले लोक सांगतात आणि गाळ काढा म्हणतात. "मावशीच्या घरात छातीएवढं पाणी होतं, सर. तिला मी थापट्या कसा दाखवू?"

शिक्षिका गप्प झाल्या. मलाही त्याचे बोलणे खोडून काढावेसे वाटले नाही. पक्षी पाहून संध्याकाळी घरी परतणाऱ्याने पुराच्या गावाला निसर्गप्रेम शिकवू नये, हे तर उघडच आहे. पण सरसकट यंत्रे घालून तळ खरवडला, की वीतभर पाणी पुरुषभर होईल, आणि तेवढ्याने ही पंगत उठेल. निवृत्त गृहस्थांनीच मग काठीने मातीत रेघ ओढून दाखवले : नदीच्या मुख्य धारेपुरता गाळ काढावा, पुराला वाट करावी, कडेची उथळे तशीच ठेवावीत. यालाही खर्च, अभ्यास आणि चिकाटी लागते. तरी मला त्या रेघेत दोन्ही बाजूंच्या भाषणांपेक्षा जास्त अर्थ दिसला.

दुसरे दुखणे मात्र सायखेड्याचे नाही, आपले शहरी आहे. काठाकाठाने जलपर्णीचे हिरवेगार गालिचे पसरलेले. दिसायला सुंदर, जांभळी फुलेसुद्धा. तिला खत लागते आणि ते वरून, शहरांच्या सांडपाण्यातून, फुकट येते. गालिचा दाटला, की खालच्या पाण्यात उजेड जात नाही, प्राणवायू कमी होतो, मासळी गुदमरते. आजींनी विचारले, "आमच्या न्हाणीतलं पाणी इथवर येतं?" वाटाड्या नम्रपणे म्हणाला, "येतं, आजी. गंगा इकडंच येते."

चारच्या सुमारास दलदली भोवत्या पाणकणसांवरून संथ घिरट्या घालू लागला आणि सगळे बेट एकदम उडाले. क्षणभर आभाळच फडफडले. सोबतच्या मुलांपैकी एकाने मोजायला सुरुवात केली आणि चाळिसाच्या पुढे सोडून दिले. त्यानंतर शेतांच्या बाजूने क्रौंच आले. दिवसभर हरभऱ्याच्या रानात चरून मुक्कामाला उथळ पाण्यात उतरणारे. पाय खाली सोडून, गळ्यातून कर्णा वाजवीत ते उतरत होते, आणि बसचा ड्रायव्हर, जो सकाळपासून बसमध्येच झोपला होता, तोही खाली येऊन उभा राहिला.

निघताना मी वाटाड्याला विचारले, पुढच्या महिन्यात कॉलेजची मुले आणली तर? त्याने पाण्याकडे पाहून हिशेब केला. "आवर्तन कधी सुटतंय ते बघून सांगतो, सर. कालव्याला पाणी सोडलं की इथलं उतरतं. थोडं उतरलं तर पक्षी वाढतात. फार उतरलं तर जातात." मग तिपाई मिटून त्याने दुर्बीण खांद्यावर टाकली आणि मोटारसायकल सायखेड्याच्या दिशेने वळवली.